महाशिवरात्र : एका रात्रीचे व्रत आणि खांदेश्वरची यात्रा

माघ वद्य चतुर्दशीला दिवसभर उपवास, रात्री चार प्रहरांची शिवपूजा आणि पहाटेपर्यंत जागरण, या तीन अंगांनी पुरे होणारे व्रत म्हणजे महाशिवरात्र. तसे पाहिले तर शिवरात्र दर महिन्याला येते. वद्य चतुर्दशी ही शिवाची तिथी, आणि मासिक शिवरात्र पाळणारी घरे महाराष्ट्रात आजही आहेत. त्या सगळ्या रात्रींत माघातली मोठी. होळीला पुरणपोळी, संक्रांतीला गुळाची पोळी, गणपतीला मोदक, अशी बाकीच्या सणांची ओळख ताटावरून पटते. महाशिवरात्रीला पक्वान्न नाही, पाहुण्याला जेवायला बोलावण्याची रीत नाही, नव्या कपड्यांचा आग्रह नाही. कोजागरीची रात्र पूर्ण चंद्राची, जन्माष्टमीची मध्यरात्र जन्मसोहळ्याची. महाशिवरात्रीची रात्र मात्र निव्वळ अंधाराची आहे. चतुर्दशीची बारीक कोर पहाटे, सूर्योदयाच्या थोडी आधी उगवते. तोपर्यंत आकाशात चंद्र नसतो. व्रत रचणाऱ्यांनी ही रात्र जाणूनबुजून निवडली आहे, आणि ते ध्यानात घेतल्याखेरीज या दिवसाचा एकही विधी नीट उलगडत नाही.

महिन्याच्या नावाचा गोंधळ आधी मिटवलेला बरा, कारण पनवेलजवळच्या खांदेश्वरसारख्या, वेगवेगळ्या प्रांतांतून आलेल्या लोकांच्या वस्तीत तो दरवर्षी निघतो. महाराष्ट्रात, गुजरातेत आणि आंध्र-कर्नाटकात महिना अमावास्येला संपतो. उत्तर भारतात तो पौर्णिमेला संपतो. म्हणून मराठी पंचांगातला माघ वद्य पक्ष हा उत्तरेकडच्या पंचांगात फाल्गुनाचा कृष्ण पक्ष ठरतो. शेजारच्या घरातली फाल्गुनातली शिवरात्र आणि आपली माघातली शिवरात्र यांची रात्र एकच. तमिळ लोक सौर महिने मोजतात, त्यांच्याकडे ती मासी महिन्यात येते. इंग्रजी तारीख मात्र दरवर्षी हलते. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्याने सण दरवर्षी अकराएक दिवस अलीकडे येतो आणि अधिक मास पडला की पुन्हा पुढे सरकतो. २०२३ साली महाशिवरात्र १८ फेब्रुवारीला होती; त्या वर्षी अधिक श्रावण आला आणि २०२४ ची महाशिवरात्र ८ मार्चवर गेली. पुढे २०२५ साली ती २६ फेब्रुवारीला आणि २०२६ साली १५ फेब्रुवारीला आली.

दिवस ठरवण्याचा नियमही रात्रीवरच बसवलेला आहे. बहुतेक सणांना सूर्योदयाची तिथी पाहतात. महाशिवरात्रीला निशीथकाळी चतुर्दशी असावी लागते. रात्रीचे पंधरा मुहूर्त केले तर त्यांतला आठवा, म्हणजे बरोबर मधला, तो निशीथ. २०२६ चे उदाहरण बोलके आहे. १५ फेब्रुवारीला, रविवारी, सूर्योदयाला त्रयोदशी होती. चतुर्दशी लागली सायंकाळी पाचच्या सुमारास आणि दुसऱ्या दिवशी सायंकाळपर्यंत राहिली. सूर्योदय धरला असता तर सण सोमवारी आला असता. निशीथ धरायचा म्हणून तो रविवारी आला. पनवेल परिसरात त्या रात्रीचा निशीथ साधारण साडेबारापासून सव्वा वाजेपर्यंत होता. ज्यांनी सकाळी आठ वाजता रांगेत उभे राहून दर्शन घेतले त्यांनी तिथीच्या हिशेबाने त्रयोदशीलाच दर्शन घेतले. त्यात दोष काहीच नाही, उपवास तर सकाळपासूनच धरायचा असतो. पण व्रताचा गाभा कुठल्या घटकेला आहे ते यावरून कळते.

या नियमांची चर्चा महाराष्ट्राशी निगडित असलेल्या पंडितांनी मोठ्या कसोशीने केली. यादवांच्या दरबारातल्या हेमाद्रीने तेराव्या शतकात ‘चतुर्वर्गचिंतामणी’त व्रतांचा स्वतंत्र खंड रचला. कमलाकरभट्टांनी १६१२ साली ‘निर्णयसिंधू’ लिहिला, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस पंढरपूरच्या काशिनाथशास्त्री उपाध्ये यांनी, म्हणजे बाबा पाध्ये यांनी, ‘धर्मसिंधू’ सिद्ध केला. आजही दोन पंचांगांत मतभेद झाला की शेवटचा शब्द बहुधा ‘धर्मसिंधू’चा असतो. विसाव्या शतकात भारतरत्न पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या पाचव्या खंडात हे सारे साहित्य एकत्र तपासले. त्यातली एक गोष्ट विशेष सांगण्याजोगी आहे. वैदिक कर्मांना अधिकाराच्या भिंती होत्या. हे व्रत मात्र शास्त्रकारांनी सर्व वर्णांना, स्त्रियांना आणि ज्यांना गावाबाहेर ठेवले गेले त्यांनाही मोकळे ठेवले. व्यवहारात देवळांची दारे कित्येक शतके सर्वांना उघडी नव्हती, हे खरे. पण ग्रंथात अडसर नव्हता. तो माणसांनी घातला.

महाशिवरात्रीच का, याची उत्तरे पुराणांत एकाहून अधिक आहेत. लिंगोद्भवाची कथा शिवपुराणात येते. ब्रह्मा आणि विष्णू यांच्यात थोर कोण असा वाद पेटला, तेव्हा दोघांमध्ये आदि-अंत नसलेला अग्नीचा स्तंभ उभा राहिला. विष्णू तळ शोधायला खाली गेला, ब्रह्मा शेंडा शोधायला वर गेला. तळ सापडला नाही हे विष्णूने सरळ सांगितले. ब्रह्म्याने शेंडा पाहिल्याचे खोटे सांगितले आणि केतकीच्या फुलाने त्याला साक्ष दिली. केतकी एरवी शिवपूजेत वर्ज्य ठरली ती यामुळे. लोकांत दुसरी समजूत शिवपार्वतीच्या विवाहाची आहे आणि उत्तर भारतात तीच प्रबळ आहे. तिथे शिवाची वरात निघते. तिसरी हलाहलाची: समुद्रमंथनातून निघालेले विष शिवाने कंठात धरले आणि देवांनी त्या रात्री जागून त्याला सोबत केली. या तिन्ही कथा मोठ्या आहेत. तरी महाराष्ट्रातल्या घरांत या रात्री सांगितली जाते ती यांतली एकही नाही. सांगितली जाते ती व्याधाची.

मराठी घरांत ती पोचली श्रीधरस्वामींमुळे. नाझरेकर श्रीधरांनी शके १६४० मध्ये, म्हणजे १७१८ साली, बारामतीला ‘शिवलीलामृत’ पुरे केले. अध्याय चौदा. अकरावा अध्याय रोज वाचण्याचा परिपाठ सर्वदूर आहे. शिवरात्रीची कथा आहे ती दुसऱ्या अध्यायात. संस्कृत पुराणांत तिची अनेक रूपे सापडतात. कुठे शिकारी अर्बुद पर्वतावरचा निषाद आहे, कुठे त्याचे नाव गुरुद्रुह आहे. कथेचा सांगाडा सगळीकडे सारखाच. शिकार न मिळालेला दिवस, म्हणून घडलेला उपवास. पाणवठ्याच्या काठी बेलाच्या झाडावर काढलेली रात्र, म्हणून घडलेले जागरण. नेम धरताना आड येणारी पाने तोडून खाली टाकली, ती झाडाखालच्या पिंडीवर पडली, म्हणून घडलेली पूजा. तीनही अंगे नकळत पुरी झाली.

कथा इथेच संपवली तर ती नशिबाची गोष्ट होते, आणि बऱ्याचदा ती तशीच सांगितली जाते. खरा भाग त्यापुढे आहे. पहिल्या प्रहरी पाण्यावर आलेली हरिणी म्हणते, पिलांना भेटून येते, मग मार. व्याध तिला सोडतो. दुसऱ्या प्रहरी दुसरी येते, तीही वचन देते. मग मृग येतो. दर वेळी हातात आलेली शिकार तो जाऊ देतो, आणि घरी त्याची मुलेही उपाशी आहेत. पहाटे ते सगळे कुटुंब दिलेल्या शब्दाला जागून परत येते, आणि आधी मला मार म्हणून एकमेकांच्या पुढे उभे राहते. तेव्हा धनुष्य त्याच्या हातून खाली येते. बेलाची पाने नकळत पडली असतील, पण हरिणीला जाऊ दिले ते कळून-सवरून. रात्रीच्या एकेका प्रहराबरोबर तो माणूस बदलत गेला, आणि चार प्रहरांच्या पूजेची जोडी या कथेशी बसते ती इथे.

शेवटी व्याध आणि मृगकुटुंब दोघेही आकाशात गेले असे मराठी परंपरा सांगते, आणि याची खूण कोणालाही पाहता येते. फेब्रुवारीच्या मध्याला रात्री आठच्या सुमारास मृगनक्षत्र जवळजवळ डोक्यावर असते. त्याच्या आग्नेयेला आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा, व्याध, त्याच्या मागे लागलेला दिसतो. पहिल्या प्रहरी दोघे माथ्यावर, निशीथाला पश्चिमेकडे झुकलेले, तिसऱ्या प्रहरात मावळलेले. चंद्र नसल्याने ते ठळक दिसतात. नवी मुंबईच्या दिव्यांतही व्याध लपत नाही. जागरण करणाऱ्यांनी मुलांना गच्चीवर नेऊन ही जोडी दाखवावी. पोथीतली कथा आणि वरचे आकाश एकाच रात्री जुळलेले असे क्वचितच सापडते.

आता पूजा. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंतच्या रात्रीचे चार सारखे भाग म्हणजे चार प्रहर. या दिवसांत एक प्रहर तीन तासांहून थोडा मोठा भरतो. पहिल्या प्रहरी दुधाचा अभिषेक, दुसऱ्या प्रहरी दह्याचा, तिसऱ्या प्रहरी तुपाचा, चौथ्या प्रहरी मधाचा. या चार पूजा शिवाच्या चार नावांनी होतात : ईशान, अघोर, वामदेव, सद्योजात. पाचवे नाव तत्पुरुष. ही पाच मुखे म्हणजे पंचमुखी सदाशिव, आणि त्याचे सर्वांत भव्य दगडी रूप पनवेलच्या खाडीपासून दूर नाही. घारापुरीच्या मुख्य लेण्यातली सुमारे वीस फूट उंचीची मूर्ती, जिला लोक त्रिमूर्ती म्हणतात, ती याच सदाशिवाची आहे. मधले शांत मुख तत्पुरुषाचे, पाहणाऱ्याच्या डावीकडचे उग्र मुख अघोराचे, उजवीकडचे स्त्रीसारखे कोमल मुख वामदेवाचे. सद्योजात मागे खडकात आणि ईशान वर, दोन्ही न दिसणारी. सहाव्या शतकात कोरलेल्या त्या मुखांची नावे आजही पनवेलजवळच्या खांदा गावातल्या किंवा कामोठ्यातल्या एखाद्या घरी महाशिवरात्रीच्या रात्री क्रमाने उच्चारली जातात. लेणे १९८७ साली जागतिक वारसा झाले. पण वारसा तेवढ्यातच नाही. मंत्र म्हणणाऱ्याच्या तोंडीही तो आहे.

देवळातल्या मोठ्या अभिषेकाला रुद्र म्हणतात. तैत्तिरीय संहितेतला रुद्राध्याय, म्हणजे नमक, आणि त्याच्या जोडीचा चमक, दोघांचेही अकरा-अकरा अनुवाक. नमकाचे एक आवर्तन म्हणायचे, मग चमकाचा एक अनुवाक. अशी अकरा आवर्तने झाली की एकादशनी. अकरा एकादशनींचा लघुरुद्र, अकरा लघुरुद्रांचा महारुद्र, अकरा महारुद्रांचा अतिरुद्र. लघुरुद्राला रुद्राची १२१ आवर्तने होतात, महारुद्राला १,३३१ आणि अतिरुद्राला १४,६४१. म्हणून लघुरुद्राला बहुधा अकरा ब्राह्मण बसवतात आणि एका सकाळीत तो उरकतो. पिंडीवर टांगलेल्या अभिषेकपात्राच्या बुडाच्या छिद्रातून धार लागलेली असते, शाळुंकेवरून पाणी पन्हळीने बाहेर पडते. ती पन्हळ ओलांडायची नाही, म्हणून शंकराची प्रदक्षिणा अर्धी : पन्हळीपर्यंत जायचे, मागे फिरायचे, पुन्हा दुसऱ्या बाजूने पन्हळीपर्यंत यायचे. गर्दीच्या दिवशी हा नियम पाळणे कठीण होते, आणि रांग सरळ पुढे सरकवावी लागते.

बेल वाहण्याचीही पद्धत आहे. तीन पानांचे अखंड दळ घ्यायचे. किडलेले, फाटलेले नको. देठाच्या टोकाशी एक जाडसर गाठ असते, ती खुडून टाकायची. पान धुवून घ्यायचे आणि गुळगुळीत बाजू पिंडीला टेकेल असे पालथे ठेवायचे. सोबत पांढरी फुले, धोतरा, रुई. हळदकुंकू नाही, भस्म आणि पांढरे गंध. महाराष्ट्रात यात ऋतूची भर पडते. या दिवसांत आंबा मोहरलेला असतो, म्हणून आंब्याचा मोहर वाहतात. शेतकरी घरांतून गव्हाच्या ओंब्या, जोंधळ्याचे कणीस, हरभऱ्याची डहाळी, बोरे येतात. रब्बीचे पीक घरात येण्याआधी त्यातले पहिले देवाला, हा त्यामागचा भाव. रायगडात भाताची कापणी दिवाळीच्या आसपासच उरकलेली असते. इथे मोहर आणि बेल हेच मुख्य. देशावर देवळाची झाडलोट आणि पूजा बलुतेदार गुरवाकडे असे, आणि महाशिवरात्रीच्या सकाळी घरोघर बेल पोचवण्याचे कामही त्याचेच. शहरात ते काम रस्त्याकडेच्या पाटीवाल्या बाईने उचलले आहे. तिच्याजवळचा बेल पनवेल-कर्जतकडच्या रानातून उतरतो, आणि तो उतरवताना फांद्याच तोडल्या गेल्या तर पुढच्या वर्षी झाड उघडे पडते. बेलाचे झाड सावकाश वाढते. एका दळाने जी पूजा पुरी होते तिला गड्डीभर बेल लागत नाही.

दुधाचेही तसेच. शास्त्रात दुधाचे लिटर सांगितलेले नाहीत. पळीभर दूध आणि तांब्याभर पाणी हा अभिषेक पुरा आहे. कथेतल्या व्याधाजवळ तर दूध नव्हतेच. पिशव्यांमागून पिशव्या ओतल्या गेल्याने पूजेला काही वाढ मिळत नाही, गटाराला मिळते. उरलेले दूध मुलांना वाटण्याची चाल काही देवळांनी पाडली आहे, ती योग्यच आहे.

उपवासाच्या ताटाचा इतिहास पाहिला की आश्चर्य वाटते. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, हिरवी मिरची. यातला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, बटाटा, भुईमूग, रताळे आणि मिरची, हे सारे अमेरिका खंडातून आलेले. सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजे येऊ लागल्यानंतरच ती या किनाऱ्याला लागली. हेमाद्रीच्या काळच्या माणसाने यातले काही पाहिलेही नव्हते. नवे म्हणून शास्त्राच्या निषिद्ध यादीत त्यांचे नाव नव्हते, आणि स्वयंपाकघराने त्या मोकळीकीचा फायदा घेतला. जुन्या चालीचे शोधायचे तर वऱ्याचे तांदूळ, शिंगाड्याचे पीठ, कोनफळासारखे कंद, दूध, फळे. आणि कवठ. कवठ हे महाशिवरात्रीचे खास फळ, कारण ते याच सुमारास पिकते. फळ जमिनीवर आपटून वास पाहतात. कच्चे उसळते, पिकलेले दबकन पडते. दगडी कवच फोडून आतला तपकिरी, बियाळ गर चमच्याने काढायचा, त्यात गूळ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, तिखट आणि मीठ घालून हाताने चांगला कुस्करायचा. आंबट, गोड आणि किंचित तुरट अशी ही चटणी वऱ्याच्या तांदळाबरोबर खातात. पुष्कळ घरांत वर्षातून एकदाच, याच दिवशी ती होते. मुलांना कवठ माहीत राहिले आहे ते महाशिवरात्रीच्याच कृपेने.

महाराष्ट्रातल्या यात्रांची यादी लांब आहे. त्र्यंबकेश्वर, भीमाशंकर, घृष्णेश्वर, औंढा नागनाथ आणि परळी वैजनाथ इथे लाखोंची गर्दी होते. तीन यात्रा मात्र आपापल्या मुलखाची ओळख सांगणाऱ्या आहेत. विदर्भातले भाविक सातपुड्यात पचमढीजवळ चौरागडाला जातात आणि नवसाचे त्रिशूळ खांद्यावर घेऊन डोंगर चढतात. काही त्रिशूळ इतके जड असतात की ते उचलायला चारचौघे लागतात. गडचिरोली जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी मार्कंडा देवळांची यात्रा भरते. तळकोकणात देवगड तालुक्यातल्या कुणकेश्वराला आसपासच्या गावांचे देव पालख्यांतून येतात आणि अमावास्येला समुद्रात तीर्थस्नान करतात. देवाने देवाला भेटायला जावे, बरोबर सारा गाव निघावा, ही कोकणाची जुनी रीत तिथे पुऱ्या थाटात दिसते. मुंबईच्या जवळ अंबरनाथचे शिलाहारकालीन देऊळ आहे. शके ९८२ चा, म्हणजे १०६० च्या सुमाराचा, शिलालेख त्यावर आहे. तिथला गाभारा सभामंडपाच्या पातळीखाली, पायऱ्या उतरून जाण्याचा. महाशिवरात्रीला त्या अंधाऱ्या गाभाऱ्यासाठी तासन्‌तास रांग लागते. घारापुरीला उरण, मोरा, न्हावा इकडून होड्या भरून भाविक जातात आणि मुख्य लेण्यातल्या चार दारांच्या गाभाऱ्यातल्या लिंगाला पाणी घालतात. एरवी तिकीट काढून पाहायची वास्तू त्या दिवशी देऊळ असते.

खांदेश्वर या पंक्तीत वयाने किंवा शिल्पाने मोठे म्हणता येणार नाही. त्याचे महत्त्व वेगळे आहे. हार्बर मार्गावर मानसरोवर आणि पनवेल यांच्यामध्ये येणारे स्थानक म्हणून हे नाव रोज हजारो लोक ऐकतात. ते खांदा गावच्या शंकराचे नाव, आणि त्याचे देऊळ नवीन पनवेलच्या पश्चिमेला, खांदा कॉलनीत, मोठ्या तळ्याच्या काठी आहे. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण परिसरातल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवे शहर आखले गेले. भातशेती गेली, मिठागरे गेली, शेताचे बांध जाऊन त्यावर सेक्टर आले. गावाची वेस पुसली, तरी गावदेव आणि तळे राहिले. १ ऑक्टोबर २०१६ पासून हा भाग पनवेल महानगरपालिकेत आहे.

महाशिवरात्रीला हे देऊळ पुन्हा गावाचे होते आणि त्याच वेळी शहराचेही. रांगेत मूळचे आगरी, कराडी आणि कोळी असतात. घाटावरून आलेले, खान्देश-विदर्भातून आलेले, तळकोकणातले, आणि उत्तर प्रदेश-बिहारपासून आंध्र-कर्नाटकापर्यंतचे लोक असतात. कोणाच्या हातात तांब्या आणि बेल, कोणाच्या हातात गंगाजलाची कुपी, कोणी ओंबी आणलेली. गावोगावी वेगवेगळे चाललेले आचार एका पिंडीपुढे एकामागून एक उभे राहतात. नियोजित शहरात शाळा, बाजार, स्थानक आणि बागांच्या जागा नकाशावर आखता येतात. शेजारी राहणाऱ्यांना एका कारणासाठी एका ठिकाणी आणणारी जागा मात्र आधीच असावी लागते. खांद्याच्या लोकांनी ती जपली आणि नव्या रहिवाशांना तिच्यात सामावून घेतले. जमीन देऊन बसलेल्या गावांचे हे देणे नोंदवून ठेवण्यासारखे आहे, कारण त्यांच्या वाट्याला आलेल्या कागदपत्रांत त्याची नोंद कुठेच नाही.

यात्रेचे स्वरूप मात्र पुष्कळसे दिवसाचे झाले आहे. पहाटेपासून रांग, दुपारी महाप्रसाद, संध्याकाळी पाळणे आणि खेळण्यांची दुकाने, आणि रात्र चढेल तसतशी गर्दी ओसरत जाते. नोकरीची वेळ आणि दुसऱ्या दिवशीची सकाळची लोकल याला कारण आहे, हे समजण्यासारखे आहे. तरी हे व्रत जागरणाचे आहे. रायगडातल्या गावांत पखवाजाच्या साथीची भजनाची परंपरा अजून दमदार आहे. भजनी मंडळे रात्र रात्र बसू शकतात. जिथे निशीथापर्यंत भजन चालते, ‘शिवलीलामृता’चा दुसरा अध्याय वाचला जातो आणि चौथ्या प्रहराची पूजा होते, तिथे महाशिवरात्र तिच्या मूळ रूपात पाहायला मिळते. पाच-पंचवीस माणसे असली तरी पुरते.

तळ्याचा विचारही यात्रेतच येतो. निर्माल्य तळ्यात सोडणे हे पुण्य समजले जाते, पण साचलेल्या पाण्यात बेल आणि फुले कुजली की मासे मरतात. निर्माल्याचे खत करून ते झाडाला घालणे हे शास्त्राला धरूनच आहे. पायदळी येऊ नये एवढीच मूळ अट. फुलांबरोबर प्लास्टिकची पिशवी टाकणे कोणत्याच शास्त्रात बसत नाही.

व्रत पुरे होते ते दुसऱ्या दिवशीच्या पारण्याने. चतुर्दशी संपायच्या आत पारणे करावे की नंतर, यावर धर्मशास्त्राच्या निबंधकारांनी पाने खर्ची घातली आहेत. प्रचलित रीत अशी की सकाळी स्नान आणि पूजा करून सूर्योदयानंतर उपवास सोडायचा. घरोघर त्या सकाळी वरणभात होतो, नैवेद्य दाखवून एक पान गाईला देतात. जे हे व्रत बारा, चौदा किंवा चोवीस वर्षे नेमाने करतात ते शेवटी उद्यापन करतात. त्यानंतर येते ती माघी अमावास्या, आणि फाल्गुन लागला की गावोगाव शिमग्याची तयारी सुरू होते. २०२६ साली अधिक ज्येष्ठ आल्याने पुढची महाशिवरात्र पुन्हा मार्चमध्ये गेली आहे : ती शनिवारी, ६ मार्च २०२७ रोजी आहे.